विहिरीवरचे इंजिन : दुरुस्त करावे, जुने घ्यावे की नवे?

मार्च महिना आहे. ऊन तापू लागले आहे. संत्र्याच्या झाडांवर आंबिया बहाराची फळे गोटीएवढी झाली आहेत. याच वेळी झाडाला पाणी हवे. पाणी चुकले की फळ गळते. गळालेले फळ पुन्हा झाडाला लागत नाही.

आणि नेमके याच वेळी विहिरीवरचे इंजिन बसले, तर काय करावे?

मंगरूळपीर तालुक्यातले एक घर डोळ्यांपुढे आणू या. घरात आबा आहेत, आजी आहे, मुलगा आणि सून आहे. चार एकर रान आहे. दोन एकरांत सोयाबीन आणि तूर होते. दोन एकर संत्रा आहे. विहीर आहे, पण शेतात वीज नाही. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन आहे. ते आता फार जुने झाले आहे.

तूर विकून थोडा पैसा घरात आला आहे. पण त्याच पैशातून सोसायटीचे पीककर्ज फेडायचे आहे. कर्ज थकले तर पेरणीच्या वेळी नवे मिळणार नाही. म्हणजे इंजिनावर जास्त पैसा गेला तर पेरणी अडेल. इंजिन केलेच नाही तर बाग जाईल. असा हा पेच आहे.

असा पेच अनेक घरांत पडतो. म्हणून आपण तो हिशेबाने सोडवून पाहू. पुढे दिलेले भाव आम्ही दाखल्यासाठी धरले आहेत. तुमच्या बाजारातले भाव वेगळे असतील. ते तुम्ही घालावेत. रीत मात्र हीच ठेवावी.

आधी दुखणे ओळखा

पाणी कमी आले की आपण म्हणतो, इंजिन गेले. पण दर वेळी दोष इंजिनाचाच असतो असे नाही. फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला असेल. पाइपाचा जोड हवा खात असेल. पट्टा ढिला पडून घसरत असेल. हे दोष थोड्या खर्चात निघतात. ते आधी पाहावेत.

मग धूर पाहावा. धूर पुष्कळ गोष्टी सांगतो. काळा धूर निघत असेल, तर डिझेल नीट जळत नाही किंवा इंजिनावर ओझे जास्त आहे. निळा धूर निघत असेल, तर इंजिन ऑइल जाळत आहे. म्हणजे बहुधा रिंगा आणि लायनर झिजले.

आबांचे इंजिन निळा धूर टाकत होते. हँडल मारून मारून हात दुखत, तरी ते चालू होत नसे. म्हणजे इथे दुखणे इंजिनाचेच होते.

घरात तीन मते झाली

मुलगा म्हणाला, “आबा, बाजारात एक जुनं इंजन आहे. दहा हॉर्सपॉवरचं आहे, पंपासकट बावीस हजाराला देतो म्हणते. आपल्या पाचच्या दुप्पट ताकद! घेऊन टाकू.”

आबा म्हणाले, “जुनं काढून जुनंच आनायचं काहून? पैसा लावाचाच तर नव्याले लावू. पाच हॉर्सपॉवरचं नवं पंचेचाळीस हजाराला येते.”

आजी तिकडे तूर पाखडत होती. ती रात्रीच्या वर्गात नुकतीच लिहा-वाचायला शिकली होती. ती म्हणाली, “अरे, इंजन दहाचं आनशील, पन दहाची इहीर कुठून आनशील?”

मुलगा हसला. पण सून हसली नाही. ती म्हणाली, “मामाजी, आत्याबाईंचं खरं आहे. आपण आधी विहीर मोजू. मग इंजिन पाहू.”

विहीर कशी मोजावी?

हे काम सोपे आहे. एक दोर घ्या. त्याला दर फुटावर गाठ मारा. इंजिन बंद केल्यावर पाणी कुठे आहे ते मोजून लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजा. पाणी किती फूट चढले ते कळेल.

आबांची विहीर गोल आहे. तिची रुंदी 20 फूट आहे. एका दिवसात पाणी 4 फूट चढले. आता हिशेब असा :

रुंदीला रुंदीने गुणा : 20 × 20 = 400.
गोल विहीर आहे, म्हणून त्याला 0.785 ने गुणा : 314.
त्याला चढलेल्या पाण्याने गुणा : 314 × 4 = 1,256 घनफूट.
एका घनफुटात 28 लिटरांहून थोडे जास्त पाणी मावते. म्हणून हे पाणी साधारण साडेपस्तीस हजार लिटर झाले.

आपण 36 हजार लिटर धरू, म्हणजे पुढचा हिशेब सोपा होईल. मार्चमध्ये ही विहीर दिवसाला एवढेच पाणी देते. इंजिन कितीही मोठे आणले तरी झरा वाढत नाही.

हॉर्सपॉवर म्हणजे काय?

हॉर्स म्हणजे घोडा. पॉवर म्हणजे ताकद. वाफेच्या इंजिनाची ताकद लोकांना कळावी म्हणून जेम्स वॉट याने घोड्याच्या कामाशी तिची तुलना केली. तेव्हापासून हे माप चालू आहे. 75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलले, की ती एक हॉर्सपॉवर झाली.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. समजा पाणी 15 मीटर, म्हणजे सुमारे 50 फूट, वर चढवायचे आहे. मग एक हॉर्सपॉवर सेकंदाला 5 लिटर पाणी चढवील. पण हे कागदावर. पंपात आणि पाइपात पुष्कळ ताकद वाया जाते. पाइप अरुंद असेल, त्याला वाकणे जास्त असतील, तर पाणी घासत जाते. जास्त पाणी जोराने ढकलावे तेवढे घासणे फार वाढते. म्हणून इंजिन दुप्पट केले तरी जुन्या पाइपातून पाणी दुप्पट येत नाही. ही गोष्ट विकणारा सांगत नाही.

डिझेल इंजिन हे जर्मनीतल्या रुडॉल्फ डिझेल या इंजिनिअराचे काम. त्याने 1892 साली या कल्पनेसाठी पेटंट मागितले आणि 1897 साली त्याचे इंजिन नीट चालले. आपल्याकडे तेव्हा विहिरीवर मोट होती. पुढे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर केले. 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. हळूहळू विहिरीवर बैलांच्या जागी इंजिनाचा आवाज आला. बैलाला वैरण लागे. इंजिनाला डिझेल लागते. बैल घेताना आपण तो खातो किती आणि ओढतो किती, हे दोन्ही पाहत असू. इंजिन घेतानाही हेच पाहावे.

इंजिन किती खाते आणि किती ओढते?

त्यासाठी तीन वस्तू पुरतात. एक 200 लिटरचे पिंप, एक घड्याळ, आणि डिझेल मोजायचे माप.

पहिली गोष्ट. पाइपाच्या तोंडाखाली पिंप ठेवा. ते भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. तीन वेळा पाहा आणि मधला आकडा धरा.

दुसरी गोष्ट. इंजिनाची टाकी काठोकाठ भरा. एक तास इंजिन चालवा. मग टाकी पुन्हा काठोकाठ भरायला जेवढे डिझेल लागेल, तेवढे इंजिनाने खाल्ले.

आबांच्या घरच्यांनी तसेच केले. आपले इंजिन कसेबसे चालू करून मोजले. मुलाने व्यापाऱ्याला सांगितले, “आमच्या विहिरीवर चालवून दाखवा, मगच बोलू.” व्यापाऱ्याने दहाचे इंजिन आपल्या पंपासकट ट्रॉलीतून आणले. ते जुन्याच पाइपाला जोडून मोजले. शेजारच्या शिवारात पाच हॉर्सपॉवरचे नवे इंजिन होते आणि विहीरही तेवढीच खोल होती. तिथे जाऊन तेही मोजले. सुनेने सगळे वहीत लिहिले :

आपले झिजलेले इंजिन : पिंप 25 सेकंदांत भरले. तासाला डिझेल दीड लिटर.
दहाचे जुने इंजिन : पिंप 16 सेकंदांत भरले. तासाला डिझेल सव्वादोन लिटर.
पाचचे नवे इंजिन : पिंप 20 सेकंदांत भरले. तासाला डिझेल 1.2 लिटर.

मुलगा म्हणाला, “पाहा, दहाचंच जोरात आहे!”

सून म्हणाली, “जोरात आहे. पण विहिरीत पाणी छत्तीस हजार लिटर आहे. ते उपसायला नव्या इंजिनाला एक तास लागतो. या दहाच्याला 48 मिनिटं लागतात. म्हणजे वाचली फक्त बारा मिनिटं. त्या बारा मिनिटांची किंमत काढू.”

किंमत काढली ती अशी. दहाचे इंजिन 48 मिनिटांत 1.8 लिटर डिझेल खाते. नवे इंजिन एका तासात 1.2 लिटर खाते. पाणी दोघांचे सारखेच. म्हणजे रोज 0.6 लिटर डिझेल जास्त. डिझेल लिटरला 90 रुपये धरले, तर रोजचे 54 रुपये जास्त. वर्षात 150 दिवस पाणी द्यावे लागते. म्हणजे वर्षाला 8,100 रुपये जास्त.

मुलगा गप्प बसला. मग म्हणाला, “हे तर माह्या ध्यानातच आलं नाही.”

मिस्त्रीचे मत

आता चौथा मार्ग उरला होता. आहे तेच इंजिन दुरुस्त करावे का? मिस्त्रीला बोलावले. त्याने इंजिन खोलले. लायनर, पिस्टन आणि रिंगा झिजल्या होत्या. बेअरिंग बदलायचे होते. नोझल खराब होते. पण क्रँकला चीर नव्हती. बाहेरचा बिडाचा सांगाडा धड होता. मिस्त्री म्हणाला, “चौदा हजारात होईल. पाणी नव्याइतकंच येईल. डिझेल थोडं जास्त खाईल. तासाला 1.3 लिटर धरा.”

ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. क्रँकला चीर असेल किंवा सांगाडा फुटला असेल, तर दुरुस्तीत पैसा घालू नये. तो पैसा वाया जातो. सांगाडा आणि क्रँक धड असतील, तरच दुरुस्तीचा विचार करावा. म्हणून इंजिन खोलून दाखविल्याशिवाय दुरुस्तीचा भाव ठरवू नका.

पाच वर्षांचा हिशेब

घेताना मोजतो तीच किंमत, असे आपण समजतो. पण इंजिनाची किंमत दोनदा द्यावी लागते. एकदा दुकानात, आणि मग रोज डिझेलात. दोन्हींची बेरीज करावी. आपण पाच वर्षांची करू. तेलपाणी आणि किरकोळ खर्च सगळ्यांना सारखा धरून सोडून देऊ.

दहाचे जुने इंजिन :
वर्षाचे डिझेल 270 लिटर, म्हणजे 24,300 रुपये.
पाच वर्षांचे 1,21,500 रुपये.
विकत घेण्याचे 22,000 रुपये.
एकूण 1,43,500 रुपये.

पाचचे नवे इंजिन :
वर्षाचे डिझेल 180 लिटर, म्हणजे 16,200 रुपये.
पाच वर्षांचे 81,000 रुपये.
विकत घेण्याचे 45,000 रुपये.
एकूण 1,26,000 रुपये.

दुरुस्त केलेले इंजिन :
वर्षाचे डिझेल 195 लिटर, म्हणजे 17,550 रुपये.
पाच वर्षांचे 87,750 रुपये.
दुरुस्तीचे 14,000 रुपये.
एकूण 1,01,750 रुपये.

पाहा, जे दुकानात नव्याच्या निम्म्या किमतीला मिळत होते, ते दहाचे इंजिन शेवटी सगळ्यांत महाग पडले. नवे इंजिन तिसऱ्या वर्षीच त्याच्यापेक्षा स्वस्त पडू लागते.

आणि दुरुस्ती सगळ्यांत स्वस्त पडली. आबांनी एक शंका काढली. “पाच वर्षांत पुन्हा बिघडलं तर?” सुनेने आणखी 14,000 रुपये मिळवले. बेरीज 1,15,750 झाली. तरीही ती नव्यापेक्षा कमीच राहिली.

मग नवे इंजिन कोणी घ्यावे? ज्याचे इंजिन पुष्कळ तास चालते त्याने. नवे इंजिन दुरुस्त केलेल्यापेक्षा तासाला 0.1 लिटर कमी खाते. म्हणजे तासाला 9 रुपये वाचतात. पण त्यासाठी सुरुवातीला 31,000 रुपये जास्त द्यावे लागतात. ते भरून यायला जवळजवळ 3,450 तास लागतील. आबांचे इंजिन वर्षात 150 तास चालते. त्यांना 23 वर्षे लागतील! पण ज्याच्या विहिरीला पाणी भरपूर आहे आणि ज्याचे इंजिन रोज सात-आठ तास चालते, त्याचे पैसे तीन-चार वर्षांतच भरून येतील. त्याने नवेच घ्यावे. म्हणून शेजाऱ्याने घेतले म्हणून आपण घेऊ नये. त्याची विहीर वेगळी, आपली वेगळी.

वीज आणि सूर्य

शेतात वीज असेल तर मोटारीचाही विचार करावा. मोटारीला धूर नाही, हँडल नाही, झीज कमी. राज्य सरकारने 2024 साली एक योजना आणली. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल 2024 पासून मार्च 2029 पर्यंत वीजबिल माफ, अशी ती योजना आहे. पण शेतीची वीज ठरावीक तासच मिळते. पुष्कळ ठिकाणी ती रात्री मिळते. रात्री साप-विंचवाचे भय असते. बिल माफ असले तरी हे ध्यानात घ्यावे.

आबांच्या शेतात वीज नाही. अशा शेतकऱ्यांसाठी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना 2024 सालीच सुरू झाली. तीत शेतकऱ्याने किमतीचा दहावा हिस्सा भरायचा असतो. अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना विसावा हिस्सा भरावा लागतो. बाकीचा भार शेतकऱ्यावर नाही. अडीच एकरांपर्यंत जमीन असेल तर तीन हॉर्सपॉवरचा पंप मिळतो. पाच एकरांपर्यंत पाचचा, आणि त्यापुढे साडेसातचा. या पंपाला डिझेल लागत नाही. ढग आले की तो मंद चालतो, पण उन्हाळ्यात ढग कमी आणि पाण्याची गरज जास्त. म्हणून हा पंप आपल्या कामाला येतो.

मग आबांनी सौरपंपच का घेतला नाही? कारण अर्ज, तपासणी, पैसे भरणे आणि पंप बसणे याला वेळ लागतो. झाडावरचे फळ तेवढे थांबत नाही. म्हणून घरात असे ठरले : आज इंजिन दुरुस्त करायचे आणि सौरपंपाचा अर्जही आजच भरायचा. पंप बसला की इंजिन अडीअडचणीला राहील.

इथेच दुरुस्तीचा आणखी एक फायदा दिसतो. उद्या सौरपंप आला, तर 45 हजारांचे नवे इंजिन नुसते उभे राहिले असते.

एक इशारा

पाणी खोल गेले की पंप पाणी ओढत नाही. साधा पंप पाण्यापासून सुमारे वीस फुटांच्या आत असावा लागतो. म्हणून काही जण इंजिनच विहिरीत उतरवतात. असे कधीही करू नका. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो विहिरीत साचतो. खाली उतरलेला माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. पंप खाली बसवावा, पण इंजिन वर मोकळ्या हवेत ठेवून पट्ट्याने चालवावे. कोणी खाली पडलाच, तर वरून हवा आणि दोराची सोय झाल्याशिवाय दुसऱ्याने उतरू नये.

पुढे काय झाले?

मिस्त्रीने चार दिवस घेतले. तोवर शेजाऱ्याने आपल्या विहिरीचे पाणी एक पाळी दिले. आबांनी त्याच्या डिझेलाचे पैसे दिले. इंजिन बसवल्यावर आजी पिंप घेऊन आली. म्हणाली, “आता मी मोजते.” पिंप 20 सेकंदांत भरले. तासाभराने डिझेल मोजले. 1.3 लिटर लागले. मग मिस्त्रीचे उरलेले पैसे दिले. आधी दिले नाहीत.

तुरीच्या पैशातून सोसायटीचे कर्ज फिटले. बाग ओली राहिली. इंजिनाजवळ आता एक वही टांगलेली आहे. किती वेळ चालले, किती डिझेल घातले, ते आजी रोज लिहिते. एखाद्या दिवशी डिझेल जास्त लागले की धूर दिसण्याआधीच वहीत दिसते.

करून पाहा

1. तुमच्या इंजिनावर किंवा मोटारीवर लोखंडी पाटी असते. ती वाचा. तिच्यावरचे हॉर्सपॉवर आणि फेरे वहीत लिहा.

2. तुमच्या विहिरीची रुंदी मोजा. एका दिवसात पाणी किती फूट चढते ते पाहा. विहीर दिवसाला किती लिटर पाणी देते, ते वर दिलेल्या रीतीने काढा.

3. एक इंजिन 200 लिटरचे पिंप 20 सेकंदांत भरते. ते एका तासात किती लिटर पाणी देईल? (उत्तर : 36,000 लिटर.)

4. तुमच्या गावात डिझेलचा आजचा भाव काय आहे? तो घालून आबांच्या तिन्ही इंजिनांचा पाच वर्षांचा हिशेब पुन्हा करा. स्वस्त कोणते पडते ते वर्गात सांगा.